सी भाषेतील 'अव्याख्यात वर्तन' आणि प्रामाण्याचा प्रश्न : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

संगणकशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमात सी भाषेने अनेक वर्षांपासून पायाभूत विषयाचे स्थान टिकवून ठेवले आहे. बुलढाणा जिल्ह्यातील बीबी, लोणार, मेहकर, सिंदखेडराजा या पट्ट्यातून महाविद्यालयात येणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांचा प्रोग्रामिंगशी पहिला परिचय याच भाषेतून होतो. या विषयाच्या प्रश्नसंचांत 'पुढील प्रोग्रामचे आउटपुट लिहा' हा प्रश्नप्रकार विशेष प्रचलित आहे. एखाद्या चलाची किंमत एकाच वाक्यात दोनदा वाढवायची आणि अंती कोणती संख्या पडद्यावर येईल ते विचारायचे, असे त्याचे सर्वपरिचित स्वरूप होय. उत्तराविषयी शंका आली की प्रयोगशाळेत एकच मार्ग सुचविला जातो, तो म्हणजे प्रोग्राम चालवून पाहावा.

वरकरणी हा सल्ला पूर्णतः वैज्ञानिक वाटतो. 'बाबावाक्यं प्रमाणम्' न मानता प्रत्यक्ष प्रयोग करावा, हे आधुनिक शिक्षणाचे ब्रीदच आहे. तथापि सी भाषेत अशी काही वाक्ये आहेत की ज्यांच्याबाबत प्रयोगाने मिळालेले उत्तर हे मुळात उत्तरच नसते. भाषेच्या मानकाने अशा वाक्यांना कोणताही अर्थ दिलेला नाही. इंग्रजीत यास 'अनडिफाइन्ड बिहेव्हिअर' असे म्हणतात. प्रस्तुत निबंधात त्यासाठी 'अव्याख्यात वर्तन' ही संज्ञा योजली आहे.

उद्दिष्टे

१) अव्याख्यात वर्तन ही संकल्पना सी भाषेत कोणत्या ऐतिहासिक कारणांनी आली, याचा शोध घेणे.
२) महाविद्यालयीन अध्यापनात प्रयोगाला अंतिम प्रमाण मानण्याची परंपरा कशी रूढ झाली, ते पाहणे.
३) प्रयोग आणि प्रमाणग्रंथ यांची अधिकारक्षेत्रे निश्चित करणे.

निसर्गाचे सत्य आणि संकेताचे सत्य

भारतीय न्यायदर्शनाने प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार प्रमाणे मानली आहेत. यांपैकी कोणते प्रमाण कोठे लागू पडते, हे ज्ञेय वस्तूच्या स्वरूपावर अवलंबून असते. याचे उत्तम उदाहरण बीबी गावाच्याच तालुक्यात आहे. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे लोणारचे विवर ज्वालामुखीमुळे निर्माण झाले की अशनीच्या आघाताने, हा वाद दीर्घकाळ चालला. बेसॉल्ट खडकाच्या प्रदेशातील विवर म्हणून ज्वालामुखीचे मत सहज पटण्यासारखे होते. १८९६ मध्ये अमेरिकन भूशास्त्रज्ञ जी. के. गिल्बर्ट यांनी ॲरिझोनातील विवराशी लोणारचे साम्य दाखविले. पुढे १९७३ मध्ये फ्रेडरिक्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी विवरातील खडकांच्या नमुन्यांत आघाताच्या खुणा दाखवून दिल्या आणि आघाताचा सिद्धान्त प्रस्थापित झाला. येथे ग्रंथांत काय लिहिले होते यास अंतिम महत्त्व नव्हते. खडकाने दिलेली साक्ष निर्णायक ठरली. निसर्गाच्या बाबतीत प्रत्यक्ष हेच शब्दावर अंकुश ठेवते.

याउलट मराठी शुद्धलेखनाचे उदाहरण घेता येईल. एखाद्या शब्दातील इकार ऱ्हस्व असावा की दीर्घ, याचा निर्णय कोणत्याही प्रयोगशाळेत होऊ शकत नाही. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे नियम पाहूनच तो करावा लागतो. दहा दुकानांच्या पाट्या तपासल्या तर लोक कसे लिहितात हे कळेल. नियम काय आहे हे कळणार नाही. कारण शुद्धलेखन हे निसर्गाचे नव्हे, तर संकेताचे सत्य आहे.

प्रोग्रामिंगची भाषा या दोहोंपैकी कोणत्या कोटीत बसते, हा येथील कळीचा प्रश्न आहे. संगणक हे यंत्र असल्यामुळे ती निसर्गाच्या कोटीत बसते असा समज सहज होतो. वस्तुतः यंत्र हा निसर्गाचा भाग असला, तरी भाषा हा संकेत आहे. कंपायलर हा त्या संकेताचा एक अंमलदार असतो. तो स्वतः संकेत नव्हे. अंमलदाराचे वर्तन पाहून कायदा ठरविता येत नाही, आणि ज्या बाबीसंबंधी कायदा मौन बाळगतो तेथे एका अंमलदाराने एके दिवशी काय केले यावरून दुसऱ्या दिवशीचे अनुमानही करता येत नाही.

सी भाषेची जडणघडण आणि मानकाचे मौन

सी भाषेची निर्मिती डेनिस रिची यांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९७२ च्या सुमारास केली. मार्टिन रिचर्ड्स यांची बीसीपीएल आणि केन थॉम्पसन यांची बी या तिच्या पूर्वसुरी भाषा होत. युनिक्स ही कार्यप्रणाली लिहिण्यासाठी जन्मलेली ही भाषा पीडीपी-११ या संगणकावर वाढली. आरंभीच्या काळात भाषेची व्याख्या आणि तिचा कंपायलर यांत फारसे अंतर नव्हते; त्या एका यंत्रावर जे घडेल तीच सी भाषा, असे म्हणता येण्यासारखी स्थिती होती. चालवून पाहण्याचा सल्ला त्या मर्यादित काळात बराचसा योग्यही ठरला असता.

ही स्थिती फार काळ टिकली नाही. १९७८ मध्ये ब्रायन कर्निघन व डेनिस रिची यांचे 'द सी प्रोग्रामिंग लँग्वेज' हे पुस्तक प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यात पीडीपी-११, हनीवेल ६०००, आयबीएम ३७० आणि इंटरडेटा ८/३२ अशा चार यंत्रांची तुलना देणे लेखकांना आवश्यक वाटले. पीडीपी-११ वर पूर्णांक १६ बिटांचा होता, आयबीएम ३७० वर ३२ बिटांचा, तर हनीवेलवर ३६ बिटांचा. हनीवेलवर एक अक्षरही ८ ऐवजी ९ बिटांचे होते. याच पुस्तकाच्या दुसऱ्या प्रकरणात, पदावलीतील घटकांची किंमत कोणत्या क्रमाने काढली जाईल याची हमी भाषा देत नाही, असा स्पष्ट इशारा आढळतो. म्हणजेच प्रस्तुत प्रश्नाची जाणीव भाषेच्या जनकांना आरंभापासूनच होती.

सी भाषेचे मानक तयार करण्यासाठी अमेरिकेत १९८३ मध्ये एक्स३जे११ ही समिती नेमण्यात आली. तिने तयार केलेले मानक १९८९ मध्ये मंजूर झाले व १९९० मध्ये ते आंतरराष्ट्रीय मानक म्हणून स्वीकारले गेले. समितीपुढील पेच सोपा नव्हता. निरनिराळ्या यंत्रांवर सी भाषा पूर्वीच पसरलेली होती आणि ऋण संख्या मांडण्याच्या तीन पद्धती अस्तित्वात होत्या. कोणत्याही एका यंत्राचे वर्तन नियम म्हणून लादले असते, तर अन्य यंत्रांवर प्रत्येक बेरजेमागे जादा काम करावे लागून भाषेचा वेग नष्ट झाला असता. समितीने या पेचातून मार्ग काढताना भाषेने न बांधलेल्या वर्तनाचे तीन वर्ग केले.

पहिला वर्ग अंमलबजावणीवर सोपविलेल्या वर्तनाचा. पूर्णांकाचा आकार किती बिटांचा, यासारख्या बाबी कंपायलरकर्त्याने ठरवाव्यात, परंतु आपला निर्णय कागदोपत्री नोंदवावा, असे बंधन येथे आहे. दुसरा वर्ग अनिश्चित वर्तनाचा. फंक्शनला दिलेल्या घटकांची किंमत डावीकडून काढावी की उजवीकडून, यासारख्या बाबतीत अनेक पर्याय वैध असतात. कोणता निवडला हे सांगण्याचे बंधनही नसते. तिसरा वर्ग अव्याख्यात वर्तनाचा. येथे मानक कोणतीही अपेक्षाच ठेवत नाही. प्रोग्राम बंद पडला, चुकीची संख्या आली किंवा अपेक्षित संख्या आली, तरी मानकाचा भंग होत नाही. पकडण्यास कठीण अशा चुका शोधण्याच्या सक्तीतून कंपायलरकर्त्याला मोकळीक देणे, हा यामागील एक घोषित हेतू होता. पुढे २०११ च्या मानकाच्या परिशिष्टात अशा बाबींची यादी दोनशेच्या आसपास गेली.

विदर्भातील अध्यापन आणि सोळा-बिटांचा वारसा

ज्या वर्षी अमेरिकेत मानक समिती स्थापन झाली, त्याच १९८३ साली १ मे रोजी अमरावती विद्यापीठाची स्थापना झाली आणि बुलढाणा जिल्हा त्याच्या कार्यक्षेत्रात आला. शेगावचे श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालयही त्याच वर्षीचे. १९९० मध्ये केंद्र शासनाची डोएक योजना सुरू झाली आणि संगणक शिक्षण महाविद्यालयांबाहेरील संस्थांपर्यंत पोहोचू लागले. सी भाषेवरील भारतीय पाठ्यपुस्तकेही लोकप्रिय झाली. त्यांत नागपूरचे यशवंत कानेटकर यांचे 'लेट अस सी' आणि ई. बालगुरुसामी यांचे 'प्रोग्रामिंग इन अँसी सी' यांची नावे सर्वश्रुत आहेत. विदर्भातील एका लेखकाचे पुस्तक देशभरातील विद्यार्थ्यांच्या हाती गेले, ही या प्रदेशाच्या शैक्षणिक इतिहासातील उल्लेखनीय घटना होय.

या काळात प्रयोगशाळांतून जो कंपायलर स्थिरावला तो बोरलँड कंपनीचा टर्बो सी. त्याची पहिली आवृत्ती १९८७ मध्ये आली आणि १९९० मध्ये टर्बो सी++ अवतरला. डॉसवर चालणारा, अल्प मेमरीत भागणारा आणि संपादन, संकलन व चाचणी एकाच पडद्यावर उपलब्ध करून देणारा हा कंपायलर साधनांची टंचाई असलेल्या महाविद्यालयांना वरदान वाटला, यात नवल नाही. पुढे ६४-बिट विंडोजवर १६-बिट प्रोग्राम चालेनासे झाले, तेव्हाही डॉसबॉक्ससारख्या साधनाच्या आधारे अनेक ठिकाणी तोच कंपायलर पुढे चालू ठेवण्यात आला.

याचा परिणाम दुहेरी झाला. टर्बो सीमध्ये पूर्णांक १६ बिटांचा असल्याने त्याची कमाल मर्यादा ३२७६७ होती. क्रमगुणित काढण्याचा प्रोग्राम ७ साठी ५०४० हे योग्य उत्तर देई; ८ साठी मात्र ४०३२० ऐवजी उणे २५२१६ ही संख्या पडद्यावर येई. ही संख्या सी भाषेचा नियम म्हणून वह्यांत उतरली. वस्तुतः येथे दोन भिन्न बाबी एकत्र आल्या आहेत. पूर्णांक १६ बिटांचा असणे हा कंपायलरकर्त्याचा नोंदविलेला निर्णय आहे. परंतु मर्यादा ओलांडल्यावर संख्या ऋण बाजूने फिरून येणे हे भाषेने कोठेही वचन न दिलेले, अव्याख्यात वर्तन आहे. ३२-बिट पूर्णांक असलेल्या कंपायलरवर ८ चे क्रमगुणित बिनचूक येते. तेथे १३ साठी ६२२७०२०८०० ऐवजी सामान्यतः १९३२०५३५०४ ही धन संख्या मिळते. ऋण संख्या पाहून विद्यार्थी निदान चपापतो. ही धन संख्या खरीच वाटते. चाचणीच्या मर्यादेचा याहून बोलका पुरावा क्वचितच सापडेल.

दुसरा परिणाम प्रश्नपत्रिकांवर झाला. 'क' या चलाची किंमत ५ असताना '++क + ++क' या पदावलीची किंमत विचारली, तर डावीकडून क्रमाने गेल्यास ६ आणि ७ मिळून १३ येतात. दोन्ही वाढी आधी करून मग बेरीज केल्यास ७ आणि ७ मिळून १४ येतात. आजच्या कंपायलरांपैकी जीसीसी सामान्यतः १४ देतो आणि क्लँग १३ देतो. यांपैकी कोणीही चुकलेला नाही, कारण एकाच चलाची किंमत मधल्या थांब्याविना दोनदा बदलणे १९८९ च्या मानकानुसारच अव्याख्यात आहे. तथापि उत्तरपत्रिकेत 'याचे उत्तर निश्चित नाही' असे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला गुण मिळण्याची शक्यता कमीच असते. प्रमाणग्रंथ वाचणारा विद्यार्थी अनुत्तीर्ण आणि एका विशिष्ट यंत्राची सवय पाठ करणारा उत्तीर्ण, अशी विपरीत परिस्थिती त्यातून उद्भवते.

येथे आणखी एक बाब लक्षात घेणे आवश्यक आहे. अशा प्रश्नांची उत्तरे मार्गदर्शिकांतून छापली जातात आणि पुढील पिढी त्यांनाच संदर्भ मानते. वस्तुतः ते छापील उत्तर म्हणजे कोणीतरी, केव्हातरी, एका कंपायलरवर केलेला एकच प्रयोग असतो. त्याचे यंत्र, आवृत्ती आणि दिनांक गळून पडतात व केवळ संख्या उरते. न्यायदर्शनाने शब्दाला प्रमाण मानले ते आप्ताच्या, म्हणजे विषयाचा अधिकार असणाऱ्याच्या शब्दाला. येथे मात्र प्रत्यक्षाने आपला संदर्भ गमावून शब्दाचे रूप धारण केले आहे. त्यामुळे महाविद्यालयीन वादात एक पक्ष प्रयोगाचा आणि दुसरा पुस्तकाचा असे वाटत असले, तरी पुष्कळदा दोन्ही पक्ष एकाच जुन्या प्रयोगाचा आधार घेत असतात. मानक मात्र दोघांनीही उघडलेले नसते.

मौनाचा व्यवहारातील परिणाम

हा वाद केवळ परीक्षेतील दोन गुणांचा असता, तर त्याची एवढी चर्चा आवश्यक ठरली नसती. आधुनिक कंपायलर प्रोग्रामचा वेग वाढविण्यासाठी 'अव्याख्यात वर्तन प्रोग्राममध्ये घडणारच नाही' हे गृहीत धरतात. या गृहीतकाच्या बळावर ते निरुपयोगी वाटणारी वाक्ये वगळतात. बेरीज मर्यादेबाहेर गेली का, हे तपासण्यासाठी 'क + १०० ही संख्या क पेक्षा लहान आहे काय' अशी अट अनेक प्रोग्रामांत घातली जात असे. गणितात असे कधीच होत नाही आणि भाषेत मर्यादा ओलांडणे अव्याख्यात आहे; म्हणून कंपायलर ही अट सदैव असत्य मानून काढून टाकू शकतो. २००८ मध्ये अमेरिकेतील सर्ट या सुरक्षा संस्थेने अशा प्रकारे तपासण्या गुपचूप वगळल्या जाण्याविषयी सूचना प्रसिद्ध केली. वेगवर्धनाचा पर्याय बंद ठेवून चाचणी घेतल्यास अट काम करताना दिसते. तो पर्याय चालू करताच ती नाहीशी होऊ शकते. अशा स्थितीत चाचणी उत्तीर्ण होणे म्हणजे प्रोग्राम निर्दोष असणे नव्हे.

२००९ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात याचेच गंभीर उदाहरण आढळले. एका उपप्रणालीत पॉइंटर आधी वापरला होता आणि तो शून्य आहे काय याची तपासणी त्यानंतर केली होती. शून्य पॉइंटर वापरणे अव्याख्यात असल्याने, तो वापरला त्याअर्थी शून्य नसणारच, असा निष्कर्ष काढून जीसीसीने पुढील तपासणी वगळली. या उणिवेचा लाभ घेऊन यंत्राचा ताबा मिळविता येतो, हे त्याच वर्षी दाखविण्यात आले. प्रोग्राम वाचणाऱ्याच्या डोळ्यांना तपासणी दिसत होती. चालणाऱ्या प्रोग्राममध्ये ती अस्तित्वातच नव्हती.

कंपायलर अंतर्यामी कसा विचार करतो याच्या अभ्यासात महाराष्ट्राचेही योगदान आहे. मुंबईच्या आयआयटीत जीसीसी रिसोर्स सेंटर उभे राहिले आणि प्रा. उदय खेडकर, प्रा. अमिताभ सन्याल व बागेश्री करकरे यांचा डेटा फ्लो विश्लेषणावरील ग्रंथ २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. वाक्ये कोणत्या तर्काने वगळता येतात, हे समजण्यासाठी असा अभ्यास पायाभूत होय.

मानकही इतिहासात बदलते

प्रमाणग्रंथाचा पुरस्कार म्हणजे अंध ग्रंथप्रामाण्य नव्हे. मानक ही मानवनिर्मित वस्तू असून तिलाही इतिहास आहे. सी भाषेची मानके १९९०, १९९९, २०११, २०१८ आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. २०११ च्या मानकाने 'थांबा बिंदू' या जुन्या कल्पनेऐवजी क्रमसंबंधाची अधिक काटेकोर भाषा स्वीकारली. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मानकाने ऋण संख्यांची एकच पद्धत सक्तीची केली, तथापि मर्यादा ओलांडणे अव्याख्यातच ठेवले. यावरून अव्याख्यात वर्तनाचे मूळ कारण यंत्रांची विविधता असले, तरी आज ते वेगवर्धनाच्या सोयीसाठी टिकून आहे, हे स्पष्ट होते. सी++ मध्ये 'क = क++' हे वाक्य २०१७ च्या मानकापासून व्याख्यात झाले; सी मध्ये ते आजही अव्याख्यात आहे. जावा भाषेने १९९५ पासून वेगळा मार्ग पत्करला. तिच्यात पूर्णांक सर्वत्र ३२ बिटांचा आणि मूल्यमापन डावीकडून उजवीकडे, असे निश्चित ठरलेले आहे. त्यामुळे '++क + ++क' चे उत्तर जावामध्ये प्रत्येक यंत्रावर १३ च येते आणि तेथे हा प्रश्न विचारणे योग्यही ठरते.

यावरून संदर्भ पाहताना भाषा कोणती व मानक कोणत्या वर्षाचे, हे नमूद करणे अपरिहार्य ठरते. अधिकृत मानके विकत घ्यावी लागतात आणि ग्रामीण महाविद्यालयांच्या ग्रंथालयांना तो खर्च जड वाटणे स्वाभाविक आहे. तथापि १९९९ आणि २०११ च्या मानकांशी जवळजवळ तंतोतंत जुळणारे समितीचे मसुदे विनामूल्य उपलब्ध आहेत. त्यामुळे साधनांचा अभाव हे कारण आता पुरेसे ठरत नाही.

निष्कर्ष

१) जे वर्तन मानकाने व्याख्यात केले आहे, तेथे अर्थ मानकातून घ्यावा आणि आपली समजूत प्रयोगाने पडताळावी. येथे प्रयोग व ग्रंथ परस्परपूरक आहेत.

२) जे अंमलबजावणीवर सोपविले आहे, तेथे कंपायलरची पुस्तिका पाहावी. त्या यंत्रापुरता प्रयोगही ग्राह्य आहे, मात्र उत्तरासोबत यंत्राचे व कंपायलरचे नाव असले पाहिजे.

३) जे अनिश्चित आहे, तेथे प्रयोग अनेक वैध उत्तरांपैकी केवळ एक दाखवितो.

४) जे अव्याख्यात आहे, तेथे प्रयोग भाषेविषयी काहीही सांगत नाही. 'याचे उत्तर भाषेने दिलेले नाही' हेच तेथील एकमेव शुद्ध उत्तर होय.

चाचणीने दोषांचे अस्तित्व दाखविता येते, अभाव सिद्ध करता येत नाही, हे एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९७० च्या सुमारास प्रतिपादन केले होते. अव्याख्यात वर्तनाच्या क्षेत्रात ही मर्यादा अधिकच तीव्र होते. तरीही प्रयोग टाकाऊ ठरत नाही. जीसीसीमध्ये २०१४ पासून अव्याख्यात वर्तन घडताच इशारा देणारी सॅनिटायझर सुविधा उपलब्ध आहे. ही सुविधा मानकातील नियमच प्रयोगात उतरविते. कोणती संख्या आली हे न पाहता नियमभंग झाला की नाही हे पाहते. टर्बो सीच्या जागी असा कंपायलर वापरल्यास विद्यार्थ्याला यंत्राची सवय नव्हे, तर भाषेची मर्यादा शिकता येईल.

प्रश्नपत्रिका तयार करणाऱ्या अध्यापकांनी अशा पदावली वगळाव्यात, किंवा 'पुढील वाक्याचा अर्थ मानकाने निश्चित केला आहे काय, ते सकारण लिहा' असा प्रश्न विचारावा, असे या अभ्यासातून सुचविता येते. लोणारच्या खडकाने आपले उत्तर स्वतः दिले, कारण ते उत्तर त्याच्यात होते. सी भाषेतील काही वाक्यांत उत्तर नाही, आणि नसलेले उत्तर पाठ करवून घेणे हे शिक्षणाचे कार्य नव्हे.